सोनाराचा कान

पूर्णगडच्या जेटीवर कुणाच्या होडीचं इंजिन खोकायला लागलं, की ते उघडायच्या आधी आनंदा डोर्लेकरला हाक जाते. आनंदा हत्यारं आणत नाही. होडीत उकिडवा बसतो, डोळे मिटतो आणि जरा वेळानं सांगतो, "इंजिनाला काय झालेलं नाय. पाण्याचा पंप बगा." पंप उघडतात आणि दुखणं पंपातच निघतं. मुंबईहून आलेला एखादा पाहुणा विचारतो, हा मनुष्य कोण? गावकरी ऐटीत सांगतात, "पाणबुडीत व्हता. वीस वर्षं पाण्याखाली." मग पाहुणा आनंदाच्या अंगावर कुठं शेवाळ उगवलंय का ते बघत राहतो.

शेवाळ उगवलेलं नाही. आनंदा सत्तेचाळीस वर्षांचा आहे, अंगानं किडकिडीत, आणि समोरचा बोलत असताना मान जराशी कलती करून ऐकायची त्याला सवय आहे. हा कान त्याला बापाकडून मिळाला. आप्पा डोर्लेकरांचा कान साऱ्या खाडीत नावाजलेला होता. भर समुद्रात आप्पा होडीचं वल्हं पाण्यात उभं धरायचे, वरचं टोक कानाला लावायचे आणि बाकीच्यांना दम भरायचे, "आता कोन बोललात तर पाण्यात घालीन." ढोम्या, म्हणजे एका जातीची मासळी, झुंडीनं चालल्या, की पाण्याखाली बेडकांसारख्या डरकतात. तो आवाज लाकडातून आप्पांच्या कानात यायचा. मग आप्पा बोट दाखवायचे आणि जाळं तिकडं सुटायचं. आप्पा माशांच्या घरातली भांडणंसुद्धा चोरून ऐकतात, असं गावात म्हणत.

असा कान पोराच्याही डोक्याला आहे हे कळल्यावर आप्पांनी मनात पुढली पन्नास वर्षं ठरवून टाकली होती. पण बारावी झालेला आनंदा एक दिवस रत्नागिरीला जाऊन नौदलाच्या भरतीला उभा राहिला आणि निवडूनही आला. आप्पा म्हणाले, "एवढा कान घेऊन सरकारी नोकरी करनार? कर बापा." म्हणजे परवानगी दिली, पण मासा काट्यासकट गिळल्यासारखं तोंड करून.

नौदलानं मात्र त्या कानाचं सोनं केलं. भरतीनंतर एका साहेबानं पोरांना ओळीनं बसवून ध्वनिफिती ऐकवल्या. पाऊस, व्हेल, मालवाहू जहाज, गस्तीची बोट. बाकीचे चाचपडत होते. आनंदानं सगळे बरोबर सांगितले आणि वर म्हणाला, "त्या जहाजाच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं आहे, साहेब." साहेबानं फीत पुन्हा लावून बघितली आणि त्याच दिवशी आनंदाचं नाव पाणबुडीच्या सोनार विभागात गेलं.

आता ही सोनार भानगड इथंच समजून घेतलेली बरी. पाणबुडीला खिडक्या नसतात. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ असली तर पेरिस्कोप वर काढून बघता येतं. त्याहून खोल गेली की ती ठार आंधळी. मग ती चालते ती निव्वळ कानांवर. हे कान म्हणजे सोनार नावाचं यंत्र. पाण्यातला प्रत्येक आवाज ते पकडतं आणि हेडफोन लावून बसलेला माणूस सांगतो, हे जहाज, हा मासा, ही लाट. त्या माणसाच्या शब्दावर आत पन्नास-पंचावन्न जण जगत असतात.

हे सगळं आनंदानं आईला, म्हणजे कमळाला, फोनवर नीट समजावलं. कमळा टोपली घेऊन मासे विकणारी बाई, तिला वाडीत चार घरं फिरायची सवय. संध्याकाळपर्यंत तिनं सगळीकडं सांगून टाकलं, "आमचा आनंदा नेवीत सोनाराकडं लागलाय."

"नेवीत सोनार कशाला गो?" शेजारीण म्हणाली.

"मोठमोठ्या सायबांच्या बायका असतात, त्यांचे दागिने नकोत?"

पुढं दोन वर्षं आनंदा रजेवर आला, की वाडीतल्या बायका त्याला मोडकी कर्णफुलं आणून दाखवत.

पाणबुडीच्या नावाचीही कमळानं अशीच वाट लावली. पाणबुडीचं नाव होतं ‘नक्र’. नक्र म्हणजे मगर. नाव ठेवणाऱ्याला वाटलं असेल, केवढा दरारा! कमळाला ऐकू आलं ‘नखरा’. "तुजी नखरा बरी हाय ना?" ती दर फोनला विचारायची. आनंदानं हे हसत हसत सोबत्यांना सांगितलं आणि तिथंच चुकला. आठवड्याभरात पंजाबी काय, तमिळ काय, सगळे पाणबुडीला नखराच म्हणायला लागले. आणि खरं सांगायचं तर नाव तिला शोभून दिसलं.

कारण ही बाई नखरेलच होती. एकदा तिचं सुकाणू एका बाजूला अडकलं आणि ती घाण्याच्या बैलासारखी तीन तास गोल गोल फिरत राहिली. एकदा किनाऱ्याजवळ तिनं गाळात नाक खुपसलं, आणि बंदरात परतली तेव्हा नाकाला दोन हात चिखल होता. सरावात एकदा ती इतकी छान लपून बसली, की शोधणारी तीन जहाजं रडकुंडीला आली. तेवढ्यात आचाऱ्यानं डाळीचा कुकर लावला. शिट्टी झाली आणि तिन्ही जहाजांना पत्ता लागला. तेव्हापासून नखरावर कुकरला बंदी झाली. संडासाचं तर विचारूच नका. खोल पाण्यात संडास वापरून झाला, की चार कळा ठरलेल्या क्रमानं फिरवायच्या असतात. क्रम चुकला, की आतला माल बाहेर जायच्याऐवजी वापरणाऱ्याच्या अंगावर येतो. तपासणीला आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यानं क्रम चुकवला. तो बाहेर आला तेव्हा सगळ्यांनी त्याला कडक सलाम ठोकला, आणि एकालाही हसू आलं नाही, हा नखराच्या इतिहासातला शिस्तीचा कळस समजला जातो.

पण हीच नखरा एकदा पाण्याखाली वादळ काढून सगळ्यांना सुखरूप घेऊन आली. सरावात तिनं आपल्याहून तिपटीनं मोठी जहाजं कागदावर बुडवली. आनंदाचा तिच्यावर जीव होता. आठ वर्षं त्याचा कान एकदाही चुकला नाही.

नवव्या वर्षी चुकला.

२००८ सालचा फेब्रुवारी. भर दुपारी नखरा खालून वर येत होती. वर यायच्या आधी कप्तान विचारतो, वर मोकळं आहे का? आनंदानं कान लावला. इंजिनाचा आवाज कुठंच नव्हता. खर्रर्र, थप्प, असं काहीतरी बारीक येत होतं, पण आसपास ढोम्या डरकत होत्या, त्यांच्यातच ते मिसळून गेलं. "वर मासे आहेत, साहेब. बाकी मोकळं," आनंदा म्हणाला.

वर इंजिन बंद करून, जाळं सोडून बसलेली होडी होती. पेरिस्कोपात जाळं अडकलं, जाळ्याबरोबर होडी ओढली गेली आणि उलटली. चार माणसं पाण्यात पडली. नखरानं चौघांनाही वर काढलं, कोणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. पण होडी गेली. आनंदानं ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या त्या चौघांना बघितलं. चौघेही त्याच्या बापासारखेच काळे, त्याच्या बापासारखेच खारवलेले. एक म्हातारा थरथरत नुसता पाण्याकडं बघत होता. आनंदाला तेव्हा तोंड लपवायला जागा मिळेना, कारण पाणबुडीत तशी जागाच नसते.

चौकशी झाली. कोणी त्याला गुन्हेगार ठरवलं नाही, पण हेडफोन काढून घेतला आणि त्याला स्वयंपाकघरात लावलं. त्याच महिन्यात तो रजेवर घरी आला आणि बापाला सगळं सांगून बसला. सांगायची परवानगी नव्हती. पण पाप पोटात ठेवून त्याला घास उतरेना.

आप्पा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. "ती लोकं काय करीत व्हती होडीत?"

"पाणी उपशीत व्हती म्हनाली. डब्यानं."

"म्हंजे डबा फळीवर खरवडायचा नि पाणी भायेर फेकायचं. खर्रर्र, थप्प. ल्हानपनी आपल्या होडीतलं पाणी कोन उपशीत व्हतं?"

आनंदा आपल्या तळहाताकडं बघायला लागला.

"तू उपशीत व्हतास. नि तुला तो आवाज कळला नाय. मच्छीमाराच्या पोरग्यानं मच्छीमाराची होडी फोडलान!"

सोनारानंच कान टोचावा म्हणतात. इथं सोनाराचाच कान बापानं टोचला, आणि तो असा, की भोक बुजेना. त्यानंतर आप्पा पोराशी बोलायचे बंद झाले. कोकणातला अबोला म्हणजे लेचीपेची वस्तू नव्हे. आमच्याकडं भाऊभाऊ एका फणसावरून तीस वर्षं बोलत नाहीत आणि एकमेकांच्या मयताला मात्र सगळ्यात आधी पोचतात. आप्पा आनंदासमोर बसून कमळाला म्हणायचे, "तेला सांग, भात घे म्हनून." कमळा म्हणायची, "आनंदा, भात घे म्हनतायत." भाताचं पातेलं दोघांच्या मधेच असायचं.

आनंदाला बापाचा राग आला नाही. राग येईल कसा, बाप चुकीचं काही बोललाच नव्हता. पण विचार करता करता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. होडीतलं पाणी उपसायचा आवाज त्यानं हजार वेळा ऐकला होता, पण होडीत बसून. तोच आवाज खालून, पाण्यातून कसा येतो, हे त्यानं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. मासा सोडला तर ते कोणीच ऐकलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आईला होडीत बसवलं, होडी खाडीत नेली, नांगर टाकला आणि स्वतः पाण्यात उडी मारली. "आये, मी खाली गेलो की डब्यानं पाणी उपस."

"होडीत पाणी हाय कुठं?"

"आदी भर, मग उपस!"

कमळानं कास्टा आवळला आणि होडीत पाणी भरून ते पुन्हा बाहेर फेकायचा उद्योग सुरू केला. आनंदा श्वास कोंडून होडीखाली बुडून राहायचा, वर यायचा, धापा टाकत म्हणायचा, "आता दोर ओढ. आता फळी आपट. आता चुलीवरचं भांडं हलव. आता कोयतीनं मावरं काप." मावरं म्हणजे आमच्याकडं मासे. कमळा फळीवर बांगडे तोडायची, ठक, ठक, ठक-ठक, आणि पोरगा खाली बुडून ऐकायचा. काठावर माणसं जमली. कोणी म्हणालं, नेवीनं काढलान वाटतं, डोक्यावर परिणाम झालाय. कमळा होडीतून ओरडली, "तुज्या डोक्यावर झालाय, भाड्या! माजं पोरगं अभ्यास करतंय!"

आप्पाही काठावर होते. कमळा दमून होडी वळवेपर्यंत ते घरी गेले नाहीत. पुढच्या दोन-तीन रजा मायलेकांनी हाच अभ्यास केला. आधी लाकडी होडी, मग फायबरची, भरतीला, ओहोटीला, गढूळ पाण्यात, नितळ पाण्यात. शेवटी शेवटी आनंदा पाण्याखालून सांगायला लागला, आईनं बांगडा कापला की सुरमई.

तिकडं नखरावर मात्र तो बटाटेच सोलत होता. अशी तीन वर्षं गेली. मग नवे कप्तान आले, देवदत्त आठल्ये. पालीच्या आंबेवाल्या बागायतदाराचा मुलगा, चष्मेवाला, मृदू बोलणारा. एकदा ते चहा घ्यायला स्वयंपाकघरात डोकावले, तर आनंदा हातातला बटाटा धरून भिंतीकडं कान लावून उभा.

"काय ऐकतोयस?"

"तिसऱ्या पंपाचं बेअरिंग, सर. चार दिवसांत बसणार."

चौथ्या दिवशी दुपारी पंप बसला. आठल्ये साहेबांनी आनंदाची जुनी फाईल मागवून वाचली आणि त्याला बोलावून घेतलं. "एकदा चुकलास, ते वाचलं. पुन्हा चुकशील?"

"चुकेन, सर. पण तीच चूक नाही."

साहेबांना हे उत्तर आवडलं. आनंदाला हेडफोन परत मिळाला, पण दुय्यम म्हणून. मुख्य जागेवर नवा प्रशिक्षित अधिकारी आणि त्याच्यासमोर नवा कोरा पडदा, ज्यावर आवाज रेघांनी दिसत. आनंदानं नुसतं ऐकायचं, आणि विचारलं तर बोलायचं.

२०१२ साली पुन्हा फेब्रुवारीतच ती सकाळ आली. साडेअकराचा सुमार. नखरा साठ मीटर खाली होती. अचानक मागच्या इंजिनघरात समुद्राच्या पाण्याचा मोठा नळ फुटला. साठ मीटरवरचं पाणी म्हणजे नळाचं पाणी नव्हे, ते माणसाला आडवं करतं. दोघे-तिघे गाद्या आणि फळ्या दाबून भोकाला टेकले, पण पाणी घोट्यावरून गुडघ्याला आलं. ते मोटरपर्यंत पोचलं असतं तर सगळा खेळ आटोपला असता. अशा वेळी एकच उपाय. टाक्यांतलं पाणी दाबाच्या हवेनं बाहेर फेकायचं आणि बुचासारखं थेट वर यायचं. एकदा सुटली की मग पाणबुडी कोणाच्या बापाची नसते, वाटेत येईल ते फोडत वर येते.

आठल्ये साहेबांनी विचारलं, "वर?"

नव्या अधिकाऱ्यानं पडद्याकडं बघितलं. "मोकळं आहे, सर. एकही इंजिन नाही."

आनंदालाही इंजिन ऐकू येत नव्हतं. पाणी कुजबुजत होतं, मागून माणसांचा आरडाओरडा येत होता. त्यानं डोळे मिटले. आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या पलीकडून, बारीक पण स्वच्छ, आवाज आला. ठक. ठक. ठक-ठक. मग थोडं थांबून काहीतरी सरकवल्याचा. पुन्हा ठक.

पाणबुडीत बोलणं हिंदी-इंग्रजीत चालतं. आनंदाला त्या क्षणी दोन्ही भाषा आठवल्या नाहीत. तो ओरडला, "सर, थांबा! वर मावरं कापतायत!"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. एका अधिकाऱ्याला वाटलं, मावरं हे शत्रूच्या जहाजाचं नाव असावं. पडदेवाला म्हणाला, "सर, काही नाही तिथं. मासे असतील." आणि हेच शब्द चार वर्षांपूर्वी कोणी उच्चारले होते, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

आठल्ये साहेबांनी आयुष्यात मासा तोंडाला लावलेला नव्हता. पण पालीच्या बाजारात ‘मावरं घ्या गो, मावरं’ ही हाळी ऐकत ते लहानाचे मोठे झाले होते. त्यांना एका शब्दात सगळं कळलं. वर होडी आहे, इंजिन बंद आहे, माणसं जेवणाच्या तयारीला लागली आहेत. त्यांनी मराठीतच विचारलं, "कुठं?"

"डोक्यावरच, सर. जराशी उजवीकडं."

"पाणी मांडीपर्यंत आलं," मागून आवाज आला.

साहेबांपुढं दोन वाटा होत्या. एकदा चुकलेल्या माणसाचा कान, नाहीतर लाखमोलाचा पडदा. एकीकडं पन्नास माणसं, दुसरीकडं दिसत नसलेली चार-पाच. "कुठल्या बाजूला काढू? पटकन!"

"वारा कुठला होता, सर?"

"वायव्येचा."

इथं आनंदाला शिकवलेलं काही कामाचं नव्हतं, बापाच्या होडीतलं होतं. जाळं सोडून बसलेल्या होडीला वारा ढकलतो, जाळं मात्र पाण्यात जड राहतं. म्हणून जाळं नेहमी वाऱ्याच्या तोंडाकडं पसरलेलं असतं आणि होडीच्या पाठीमागं समुद्र मोकळा. "आग्नेयेला चला, सर! चारशे मीटर. तिकडं जाळं नसणार."

"आग्नेय. पूर्ण वेगानं," आठल्ये म्हणाले.

चारशे मीटर म्हणजे काय अंतर आहे? पूर्णगडच्या जेटीवरून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चालत गेलात तर विडी संपायच्या आत पोचाल. त्या दिवशी ते संपेना. इंजिनघरातली माणसं कंबरभर पाण्यात फळ्यांना पाठ लावून उभी होती आणि शिव्यांची लाखोली वाहत होती, पण एकानंही फळी सोडली नाही. आनंदाच्या कानात ठक-ठक हळूहळू मागं सरकत होतं. कोयती थांबली तेव्हा त्यानं हेडफोन कानांवर घट्ट दाबला. मग कढईत उलथनं फिरल्याचा आवाज आला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्यांचंही कालवण एव्हाना भांड्यात पडलं असावं.

"आता, सर."

टाक्या फुंकल्या. नखरा नाक वर करून सुटली, अंगावरचं पाणी झटकत अर्धी बाहेर आली आणि धप्पकन समुद्रावर पडली. मागच्या लोकांनी भोक बंद केलं, पंप सुरू झाले, पाणी उतरायला लागलं. पेरिस्कोपाला डोळा लावून आठल्ये साहेबांनी चहूकडं बघून घेतलं. मग म्हणाले, "आनंदा, माझ्याबरोबर वर चल."

वरच्या मनोऱ्याचं झाकण उघडलं आणि ऊन अंगावर आलं. वायव्येला चारशे मीटरवर हिरव्या रंगाची एक होडी डुलत होती. तिच्यावर माणसं दगड होऊन उभी होती. साहेबांनी दुर्बीण आनंदाच्या हातात दिली. एकाच्या हातात कोयती, एकाच्या हातात उलथनं. आनंदानं मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच. त्याला इतका आनंद झाला, की नौदल, शिस्त, गुप्तता सगळं विसरून तो दोन्ही हात तोंडाशी धरून बोंबलला, "बगताय काय मेल्यांनोऽऽ! कालवण करपतंय तुमचं!"

आठल्ये साहेब मोठ्यांदा हसले. असं हसलेलं त्यांना नखरावर कोणी बघितलं नव्हतं. खाली उतरताना त्यांनी पडदेवाल्याला सांगितलं, "उद्यापासून मुख्य जागेवर आनंदा बसेल. तू त्याच्याकडून शिकायचं." नोंदवहीत मात्र लिहिलं गेलं ते एवढंच: नळ फुटला, पाणबुडी सुखरूप वर आली, जीवितहानी नाही. होडीचा उल्लेख नाही, कारण होडीला काही झालंच नव्हतं. आणि सगळ्यांना ताकीद मिळाली, बाहेर एक अक्षर बोलायचं नाही.

आनंदानं ती पाळली. पण ते सहा जण कशाला पाळतील? त्यांनी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पाय ठेवल्याबरोबर ढोल पिटला. गोष्ट मासळीबरोबर टोपल्यांत बसून गावोगाव गेली. आरे-वारेला पोचेपर्यंत पाणबुडीला दात आले होते. पूर्णगडला कमळानं ती आणली तेव्हा ती तोफा डागत होती. पण एक तुकडा कोणीच बदलला नव्हता. वर आलेला माणूस आपल्या बोलीत ओरडला, कालवण करपतंय म्हणून.

आप्पांनी ऐकलं. कमळाला काही न सांगता दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते मिरकरवाड्याला गेले. आधी त्या होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, सर्वेश याला त्यांनी शोधून काढलं. त्याला विचारलं, "वर यायच्या आदी पाणबुडी कुठं व्हती?"

सर्वेश म्हणाला, "काका, खोटं नाय सांगनार. आमच्या होडीखालनं पाणी पयलं थरारलं. आमी समजलो, देवमासा. मग तो थरार गेला फुडं, वाऱ्याच्या पाठीनं, नि तितं ती भायेर आली. जाळ्याकडं आली असती तर आज मी तुमच्याशी बोललो नसतो."

"वाऱ्याच्या पाठीनं?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

"व्हय. जसं काय तिला ठावंच हाय, जाळं कुठं सोडलंय."

आप्पा संध्याकाळी घरी आले. कमळानं विचारलं, कुठं गेला होता? म्हणाले, "काम व्हतं." पुढचे आठ-दहा दिवस ते रोज सकाळी कुठंतरी जायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचे.

शिमग्याला आनंदा रजेवर आला. पालखी वाडीतून नाचून गेली होती, अंगणात गुलाल पडला होता, पुरणाच्या पोळ्या झाल्या होत्या. बापलेक समोरासमोर जेवायला बसले. कमळा नेहमीसारखी मधे बसली, या तोंडचं त्या तोंडाला पोचवायला. आप्पांनी पहिला घास घेतला, ताटात हात तसाच ठेवला आणि चार वर्षांत पहिल्यांदा पोराच्या डोळ्यांत बघून बोलले.

"त्या दिसाचं काय झालं, बोल."

आनंदानं हातातला घास ताटात ठेवला. "आप्पा, सांगता येनार नाय. परवानगी नाय."

"मग नको सांगूस. मी सांगतंय, तू आयक." आप्पा मांडी सावरून बसले. "तुमची ती नखरा खाली बुडाया लागली व्हती. वर याया पायजे, नायतर सगळे जानार. तुझा कप्तान काचंतनं वर बगीत व्हता."

पाणबुडीला काच नसते, हे आनंदाच्या ओठांवर आलं. त्यानं ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"काचंतनं काय दिसतंय कप्पाळ! सगळे बोल्ले, वर कोन नाय, चला. पन तितं एक मानूस बसला व्हता. तेनं आयकलान. नुस्तं आयकलान नाय, जाळं कुठल्या अंगाला असंल तेसुदा सांगितलान. ते कुनी शिकवत नाय, ते बापाच्या होडीत कळतंय." आप्पांनी बोट पोराकडं रोखलं. "तो माजा पोरगा व्हता. मला म्हायत हाय. मला कुनी सांगाया नको."

कमळा पदर तोंडात धरून दोघांकडं बघत होती. आनंदाच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"मी सगळ्यांची घरं फिरून आलंय," आप्पा म्हणाले. "एकेकाच्या दारात जाऊन बसलंय. एकाला तीन म्हयन्याची मुलगी हाय. एकाची आय आंधळी. सहा मानसं व्हती रे, आनंदा. औंदा सहाच्या सहा घरांत शिमगा झाला."